रविवारचा विश्वास शनिवारपर्यंत पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ आणि ईस्टर आले की ख्रिस्ती श्रद्धेवर वर्तमानपत्रांतून चार चांगले लेख येतात. सण संपला की विषयही संपतो. पण ख्रिस्ती माणसाची खरी अडचण सणाच्या दिवशी नसतेच. त्या दिवशी गाणी असतात, माणसे असतात, मन आपसूक भरून येते. अडचण असते ती एखाद्या साध्या मंगळवारी, सकाळी सव्वासहाला, बायबल समोर उघडे असते आणि आत काहीच हलत नसते तेव्हा. हे पत्र त्या मंगळवारविषयी आहे. ते लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री आपल्या हाती आहेच.

‘श्रद्धा असते किंवा नसते, तिची कसली कसरत करायची?’ असे पुष्कळदा ऐकू येते, आणि बोलणारे बहुतेक वेळा मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, असतात. कसरत हा शब्द मात्र खुद्द प्रेषित पौलाचा आहे, ज्याची पत्रे बायबलात आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो भक्तीचा सराव करायला सांगतो, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये आखाड्यातल्या कसरतीचेच क्रियापद वापरतो. ‘जिम्नॅशियम’ हा शब्द त्याच घराण्यातला. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने मिळते, मग हे प्रयत्न म्हणजे पुण्य साठवण्याचा खटाटोप नव्हे का? त्यासाठी फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली १२ आणि १३ ही वचने एका दमात वाचावीत. पहिल्यात भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगितले आहे. दुसऱ्यात म्हटले आहे की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देवच आहे. पौलाला यात विसंगती दिसली नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांताच्या, चौथ्या अध्यायातला शेतकरी रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी कसे वाढते ते त्याला कळतही नाही. पण पेरले त्यानेच होते. प्रयत्नाची जागा तेवढीच आहे, आणि तेवढी आहेच.

आता कामाचे. पहिले वाचन, कारण सगळ्यात जास्त माणसे तिथेच अडखळतात.

नव्या वर्षाला उत्साहाने उत्पत्तीचे, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, पहिले पान उघडणारे खूप. त्यांचे पुढे काय होते ते गणिताने सांगता येते. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत; कॅथलिक बायबलात पुस्तके ७३, त्यामुळे अध्यायही अधिक. रोज तीन अध्याय धरले तर २५ जानेवारीला निर्गमचा २५ वा अध्याय येतो आणि निवासमंडपाचे (उपासनेच्या तंबूचे) पडदे, कड्या, फळ्या आणि मापे सुरू होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० मिळून ९० अध्याय बरोबर ३० दिवसांत संपतात, म्हणजे ३१ तारखेला वाचक लेवीयच्या उंबऱ्यावर असतो. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण. यातले काही हाती लागत नाही, दोन दिवस सुटतात, सहा अध्याय थकतात, मग बारा थकतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर बायबल परत कपाटात जाते. दोष लेवीयचा नाही. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, एकदा पुरता वाचून झाला आणि इब्री लोकांस पत्र शेजारी ठेवले की तेच पुस्तक बोलू लागते. चुकते ते दार.

नवख्याने मार्कपासून सुरुवात करावी. अध्याय फक्त १६. सलग मोठ्याने वाचले तर साधारण दीड-दोन तासांत पुस्तक संपते. एकदा असे एका बैठकीत वाचावे आणि मग रोज एक अध्याय घेऊन पुन्हा वाचावे. त्यानंतर चारही शुभवर्तमाने. मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २१, म्हणजे ८९ अध्याय. रोज एक धरला तर तीन महिने. ज्यांना वर्षाची योजना हवी त्यांच्यासाठी नव्या कराराची रचना सोयीची आहे. त्याचे अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एक घेतला तर ५२ आठवड्यांत तो नेमका संपतो, आणि शनिवार-रविवार राखीव राहतात. संपूर्ण बायबल वर्षात वाचायचे असेल तर आठवड्याचे सहा दिवस तीन अध्याय आणि रविवारी पाच, असे आठवड्याला २३ धरावेत. ५२ आठवड्यांत १,१९६ होतात, म्हणजे सात अध्यायांची सवडच उरते. स्कॉटलंडमधले पाळक (धर्मोपदेशक) मक्चेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी आखलेली योजना आजही वापरात आहे: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. योजना उत्तम आहे आणि नवख्याच्या हाती ती देऊ नये.

सुटलेल्या दिवसांची थकबाकी फेडत बसू नये, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. गुरुवार सुटला तर शुक्रवारी शुक्रवारचाच भाग वाचावा. राहिलेला अध्याय पुढच्या वर्षी भेटेल. थकबाकी भरून काढायला बसलेला माणूस मजकुराकडे पाहत नाही, पाने उलटतो. आणि ढीग दहा अध्यायांच्या वर गेला की वाचनच सोडतो. छापील योजनेवर तारखा असतील तर त्या खोडून नुसते क्रमांक लिहावेत.

दुसरी खोड वचने तोडून वाचण्याची. बायबलचे अध्याय पाडले गेले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टीफन लँग्टन यांच्या हातून. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक मिळाले ते १५५१ मध्ये, रॉबेर एस्तिएन या मुद्रकाच्या आवृत्तीत. पौलाने पत्र लिहिले तेव्हा त्यात एकही आकडा नव्हता. क्रमांक पाने सापडावीत म्हणून आहेत, एकेक वाक्य कापून भिंतीवर लावण्यासाठी नाहीत.

उदाहरण घ्यायचे तर यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन घेऊ. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला आशा आणि भवितव्य देण्याचे, असा त्याचा आशय. नोकरीची मुलाखत, परीक्षेचा निकाल, शस्त्रक्रिया, सगळीकडे ते पाठवले जाते. आता वर सरकू. हा अध्याय म्हणजे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून धाडलेले पत्र आहे. पाचव्या वचनात घरे बांधा, मळे लावा असे सांगितले आहे. सातव्यात त्या परक्या नगराचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा असे आहे. दहाव्यात मुदत येते: ७० वर्षे. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सर्वांसमोर ‘दोन वर्षांत सगळे परत येईल’ म्हणून गेलेला आहे, आणि यिर्मयाने त्याला खोटे ठरवले आहे. म्हणजे ज्या वचनाचा आज झटपट सुटकेसाठी वापर होतो, ते झटपट सुटकेचे आश्वासन खोडून काढणाऱ्या पत्रातले आहे. पत्र हाती घेणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. असे वाचले की वचन हलके होत नाही, उलट पेलायला जड होते. आणि मुलाखतीत अपयश आल्यावर ‘देवाने शब्द पाळला नाही’ अशी जी तक्रार पुढे विश्वासालाच लागते, तिचे मूळ तिथेच तुटते. म्हणून सोपा नियम: आवडलेल्या वचनाआधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचल्याशिवाय ते कोणाला पाठवू नये.

पंधरा मिनिटे हाताशी असतील तर ती अशी वाटावीत. पहिल्यांदा भाग मोठ्याने वाचावा. ओठ हलले की डोळे ओळी गाळत नाहीत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचावा आणि जिथे खटकले, समजले नाही किंवा थांबावेसे वाटले तिथे खूण करावी. मग वहीत तारीख, संदर्भ आणि एकच ओळ लिहावी: यातून आज काय करायचे. ‘प्रेमाने वागायचे’ ही ओळ चालत नाही. संध्याकाळी ती केली की नाही हे सांगता येत नाही. ‘भावाला फोन करून पैशांचा विषय मिटवायचा’ ही ओळ चालते. बाराव्या शतकातले कार्थुसियन मठवासी दुसरे ग्विगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ईश्वरसान्निध्यात स्तब्ध राहणे अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या. आपण बहुधा पहिलीवरून तिसरीवर उडी मारतो. मननाची पायरी गाळली की वाचलेले आणि मागितलेले यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

पाठांतर आता जुनाट वाटते, पण आजारपणात, रांगेत, रात्री झोप उडाल्यावर उपयोगी पडते ते तेवढेच. आठवड्याला एक वचन पुरे. आधी संदर्भ, मग वचन, मग पुन्हा संदर्भ, असे म्हणावे. नाहीतर सहा महिन्यांनी शब्द आठवतात आणि ठिकाण हरवते. नवे वचन सात दिवस रोज, नंतर दोन महिने आठवड्यातून एकदा, पुढे महिन्यातून एकदा. सुटी वचने जमवण्यापेक्षा सलग भाग घ्यावा. २३ व्या स्तोत्रात सहाच वचने आहेत. दीड महिन्यात ते कायमचे आपले होते.

प्रार्थनेची अडचण वेगळी. वाचायला निदान समोर मजकूर असतो; प्रार्थनेत समोर आपणच असतो. ‘मन लागत नाही’ ही तक्रार किती जुनी आहे पाहा. १५३५ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांना त्यांच्या न्हाव्याने, पेटर याने, प्रार्थना कशी करावी असे विचारले, आणि ल्यूथर यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहून दिले. त्यात न्हाव्याला कळेल असाच दाखला आहे: चांगला न्हावी वस्तऱ्यावर आणि केसांवर नजर ठेवतो, गप्पा मारत इकडेतिकडे बघत बसला तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळाच कापायचा. त्याच पत्रातली दुसरी सूचना आजही जशीच्या तशी लागू आहे. ‘जरा थांबू, एवढे काम उरकू, तासाभराने प्रार्थना करू’ या विचारापासून सावध राहा, कारण एक काम दुसऱ्याच्या हाती देते आणि त्या दिवसाची प्रार्थना राहूनच जाते. ल्यूथर यांच्या न्हाव्याकडे मोबाइल नव्हता, एवढाच फरक.

म्हणून वेळ घड्याळावर न ठरवता आधीपासून घडत असलेल्या गोष्टीला जोडावी. ‘सकाळी साडेसहाला’ हे सुटीच्या दिवशी मोडते. ‘तोंड धुतल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी’ हे सहसा मोडत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि गजरासाठी साधे घड्याळ वापरावे. बायबल मोबाइलवरच वाचायचे असेल तर आधी इंटरनेट बंद करावे. खुर्ची एकच ठेवावी. पलंगावर पडून केलेली प्रार्थना आमेनपर्यंत पोहोचेलच असे नाही.

दहा मिनिटांत काय करावे? प्रभूची प्रार्थना तयारच आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात तिच्यातल्या विनंत्या सात धरल्या जातात, आणि आठवड्याचे दिवसही सात. रविवारी ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’, सोमवारी राज्य, मंगळवारी इच्छा, बुधवारी रोजची भाकर, गुरुवारी क्षमा, शुक्रवारी परीक्षा, शनिवारी वाइटापासून सुटका. आधी संपूर्ण प्रार्थना सावकाश म्हणावी. मग त्या दिवसाची विनंती घेऊन तीत आपल्या आयुष्यातली नावे आणि प्रसंग भरावेत. बुधवारी कर्जाचा हप्ता, बेकार मित्र, भुकेले शेजारी. गुरुवारी ज्याचे नाव काढले तरी कपाळाला आठी पडते तो माणूस. आणि इथे नाव घेतल्याशिवाय सुटका नाही, ‘सर्वांना क्षमा’ ही पळवाट आहे. अशा पद्धतीने मागण्यांचीच यादी होत नाही, कारण पहिल्या तीन विनंत्या मुळी आपल्याविषयी नाहीतच. मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातल्या ‘दिदाखे’ या मार्गदर्शिकेत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याची सूचना आहे. दानीएलही दिवसातून तीनदाच गुडघे टेकत असे.

दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची तर नावे वाटून घ्यावीत. तीस नावे रोज घोकली की त्यांची हजेरीपट होते. रोज पाच घेतली तर सहा दिवसांत तीस होतात आणि प्रत्येकासाठी अर्धा मिनिट थांबता येते. वहीत तीन रकाने आखावेत: तारीख, विनंती, आणि तिसरा कोरा. उत्तर आले तर कोऱ्या रकान्यात तारीख टाकावी, ‘नाही’ आले तर तेही लिहावे. तिसरा रकाना नसेल तर माणूस मिळालेले विसरतो, न मिळालेले तेवढे लक्षात ठेवतो.

मन भटकले तर स्वतःला रागवू नये. शेजारी कागद ठेवावा. वीजबिल आठवले, लिहावे, सोडावे. तेच तेच पुन्हा येत असेल तर ते भटकणे नसून खरी काळजी आहे, आणि मग प्रार्थनेचा विषय तोच करावा.

रात्रीसाठी इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेले पाच टप्प्यांचे आत्मपरीक्षण आहे. आधी आभार, मग स्वतःला खरे पाहता यावे म्हणून विनंती, मग सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणे, चुकले तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक निश्चय. दहा मिनिटे पुरतात. लोक आभाराचा टप्पा गाळून थेट चुकांवर येतात आणि मग महिन्याभरात कंटाळतात, कारण रोज रात्री स्वतःवर खटला भरायला कोणालाच आवडत नाही.

एवढे सगळे नीट चालले तरी कोरडेपणा येतो. मंडळीत याविषयी बोलायची पद्धत नाही, हे वाईट आहे. कोरडेपणाचे निदान करावे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. आधी शरीर पाहावे. १ राजे १९ मध्ये एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो. तो खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. मग ४० दिवसांची चाल, आणि ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर. सतत अपुरी झोप घेणाऱ्याने आपला विश्वास तपासण्याआधी झोपेचे तास मोजावेत. दोन-तीन आठवडे कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगणे नकोसे होत असेल, तर तो विश्वासाचा दुबळेपणा मानू नये. डॉक्टरकडे जावे आणि त्याचबरोबर प्रार्थनाही करावी. ‘प्रार्थना वाढवा, गोळ्या सोडा’ असे सांगणारा मनुष्य कितीही आदरणीय असो, त्याचे ऐकू नये.

शरीर ठीक असेल तर नातेसंबंध पाहावेत. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. काही प्रार्थना घशातच अडकतात त्या एवढ्याचसाठी. तेही ठीक असेल आणि तरी कोरडे वाटत असेल, तर इग्नेशियस यांचा नियम पाळावा: उदास काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. वेळ तीच, खुर्ची तीच. शब्द आपले नसतील तर स्तोत्रांचे घ्यावेत. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८ वे स्तोत्र तर काळोखातच संपते. शेवटी दिलाशाची ओळ नाही. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी हे स्तोत्र वगळले नाही. त्यामुळे प्रार्थनेत तक्रार करणे हा विश्वासाचा अभाव आहे, असे म्हणणाऱ्याने बायबल पुन्हा उघडावे.

शंकेचा प्रकार निराळा. शंका घेणारा येशूचा शिष्य थोमा याच्याविषयी सगळे बोलतात, पण योहानाच्या विसाव्या अध्यायातला एक तपशील निसटतो: मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा तो तिथे नव्हता, त्याने विश्वास ठेवायला नकार दिला, आणि तरीही आठ दिवसांनी तो त्याच शिष्यांबरोबर त्याच घरात होता. शंका घेऊन तो बाहेर पडला नाही आणि इतरांनी त्याला काढलेही नाही. शंका एका वाक्यात कागदावर लिहावी. लिहिल्यावर कळते की ती इतिहासाविषयी आहे, दुःखाविषयी आहे, की एखाद्या पाळकाच्या वागण्याविषयी. या तिघांची उत्तरे तीन ठिकाणी मिळतात. मध्यरात्री एकामागून एक व्हिडिओ पाहून एकही मिळत नाही. आणि मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची ओळ, ‘मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक’, ही पूर्ण प्रार्थना आहे. येशूने ती अपुरी म्हणून परत केली नाही.

एकट्याने हे फार काळ चालत नाही. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी नोंदल्या आहेत: प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे, प्रार्थना. चारांपैकी सहवास आणि भाकर मोडणे या दोन घरी बसून होतच नाहीत. उपासनेचे थेट प्रक्षेपण आजाऱ्यासाठी वरदान आहे. धडधाकट माणसासाठी ते हळूहळू सवय मोडण्याचे साधन ठरते. उपदेशाच्या वेळी तीन ओळींचे टिपण काढावे, झोपही येत नाही. (पौलाच्या लांबलेल्या भाषणात युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला होता, हे झोपणाऱ्यांनी आणि लांबवणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानात ठेवावे.)

रविवारच्या गर्दीत मात्र कोणी कोणाला खरे सांगत नाही. त्यासाठी लहान गट लागतो. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीतले प्रसिद्ध साप्ताहिक वर्ग १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते मुळात सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी. साधारण बारा जणांमागे एक प्रमुख, त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पैसे मागायला घरोघर गेलेल्या प्रमुखांना कोण दारू पितो, कोण बायकोशी भांडतो ते दिसू लागले, आणि वेस्ली यांच्या ध्यानात आले की हवी होती ती व्यवस्था हीच. गट तीन ते बारा जणांचा असावा. त्यापुढे दोघे बोलतात, बाकीचे ऐकतात. तासाभराची मर्यादा कडक पाळावी. दर वेळी एकच प्रश्न सर्वांनी क्रमाने घ्यावा: गेल्या आठवड्यात ठरवलेले काय झाले? गट फुटतो तो बहुधा एकाच कारणाने, प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याची गोष्ट बाहेर जाते. ‘आपल्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी काय चालले आहे माहीत आहे ना?’ ही चुगलीच आहे, आमेन लावले म्हणून ती बदलत नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःचा विषय सांगायचा, हा नियम पहिल्या बैठकीत सांगून टाकावा. कॅथलिकांकडे पापकबुलीचा संस्कार आहेच; वर्षातून एकदा नाइलाजाने जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा गेल्यास सांगायला कमी आणि खरे असते.

उपास आणि दान यांविषयी थोडक्यात. उपास एका जेवणापासून सुरू करावा, पाणी प्यावे, आणि वाचलेला वेळ प्रार्थनेत घालवावा. नुसते जेवण टाळणे म्हणजे पथ्य. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि औषधे चालू असलेल्यांनी जेवण सोडू नये, पडद्यासमोरचा वेळ सोडावा. यशयाचा ५८ वा अध्याय उपासाच्या दिवशी अवश्य वाचावा, तो झोंबतो. दानाबाबत १ करिंथ १६:२ मधली पद्धत सोपी आहे: आठवड्याच्या पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवणे. महिनाअखेरीस उरेल त्यातून द्यायचे म्हटले तर उरत नाही.

आणि सगळे कोसळले तर? कोसळतेच, आजारपण येते, बाळ येते, कामाची पाळी बदलते. त्यासाठी एक किमान हप्ता आधीच ठरवून ठेवावा, जो तापातही पार पडेल: एक लहान स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, चार मिनिटे. ११७ वे स्तोत्र दोनच वचनांचे आहे, अशा दिवसांसाठी चांगले. महिनाभर खंड पडला असेल तर आधीच्या एका तासावर एकदम परत जाऊ नये. आठवडाभर किमान हप्ता, पुढचा आठवडा दहा मिनिटे, मग पंधरा. खंडाचा हिशेब देवाला द्यायचा तो एका वाक्यात द्यावा आणि त्या दिवसाचा भाग उघडावा. खंडाविषयीच्या पश्चात्तापात अर्धा तास घालवणारे दुसऱ्या दिवशी सहसा येत नाहीत.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. अनेक मंडळ्यांत रविवारची वाचने ठरलेली असतात: जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. चक्र तीन वर्षांचे आहे, मत्तय, मार्क आणि लूक यांचे एकेक वर्ष, योहान मुख्यतः सणांच्या काळात. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते लूकचे वर्ष, मात्र ते सुरू होते आदल्या वर्षीच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून. शनिवारच्या अंकात दुसऱ्या दिवशीच्या या वाचनांचे चार संदर्भ छापता आले तर पाहावे. दोन ओळींची जागा लागेल. शनिवारी रात्री ती चार वाचने आधी वाचून ठेवायला वीसेक मिनिटे लागतात, आणि सकाळी उपदेश सुरू होतो तेव्हा मजकूर कानांना अनोळखी राहत नाही.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक